सुट्टी द्या नाहीतर देऊ नका, पण आदल्या रात्री सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

काल वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ वाचकांचं पावसाच्या सुट्टीवरचं पत्र वाचलं आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. त्यांचं म्हणणं, आम्ही गुडघाभर पाण्यातून दप्तर डोक्यावर घेऊन शाळेत जायचो, आताची पोरं नाजूक, रेड अलर्ट म्हटलं की आईबाप त्यांना गोधडीत गुंडाळून ठेवतात वगैरे वगैरे. काका, तुमच्या वयाचा मान आहेच, पण मुंबईतल्या गुडघाभर पाण्याखाली काय असतं ते वरून दिसत नाही. 29 ऑगस्ट 2017 ला डॉ. दीपक अमरापूरकर अशाच पाण्यातून चालत घरी निघाले होते आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. एवढे मोठे डॉक्टर, मोठा माणूस. तिथे माझं दुसरीतलं पोर काय करणार? आणि महापालिकाच दरवर्षी सांगते की साचलेल्या पाण्यातून चाललात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोच्या (अशा पाण्यातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) गोळ्या घ्या. म्हणजे शाळेत जाऊन एक धडा शिकायचा आणि येताना गोळ्यांची स्ट्रिप घेऊन यायची.

पण माझं भांडण काकांशी नाही हो, सुट्टी जाहीर करणाऱ्यांशी आहे. त्याच 2017 ला मुंबई बुडाली मंगळवारी आणि शाळांना सुट्टी मिळाली बुधवारी. आता बुधवारची मिळायलाच हवी होती हे मान्य, पण मंगळवारचं काय?

2025 चा 18 ऑगस्टचा सोमवार आठवत असेल सगळ्यांना. त्या दिवशी आधी शाळा चालू, मग दुपारच्या सत्राला सुट्टी. वा. आणि सकाळी गेलेल्या पोरांचं काय? आमच्या शाळेनं (नाव घेत नाही, पुढच्या वर्षी ॲडमिशन आहे) ग्रुपवर मेसेज टाकला की पाऊस वाढल्याने मुलांना लवकर सोडत आहोत, पालकांनी सहकार्य करावे. सहकार्य कसं करायचं? मी फोर्टला ऑफिसात, नवरा ऐरोलीला, सासूबाई गावाला, आणि पाळणाघरवाल्या ताईंचा नियम असा की शाळेला सुट्टी तर आम्हालाही सुट्टी. मी मेसेज बघेपर्यंत व्हॅनवाल्या काकांचा फोन, ताई तुमच्या घराला कुलूप आहे, गाडीत अजून पोरं आहेत, मी थांबू शकत नाही. त्यांची तरी काय चूक. शेवटी आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांनी पोराला केबिनमध्ये बसवून घेतलं, शर्ट काढून पंख्याखाली वाळत घातला आणि अंगावर स्वतःचा युनिफॉर्मचा कोट घातला, तो त्याच्या घोट्यापर्यंत आला. वर स्वतःच्या डब्यातली चपातीभाजी दिली. मी कशीबशी संध्याकाळी पोचले तर साहेब व्हिजिटर रजिस्टरमध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहीत बसलेले, एकदम खुश. त्याला मजा वाटली, पण माझं दिवसभर काय झालं ते मला माहीत. त्याच दिवशी माटुंग्याला स्कूल बस पाण्यात अडकली आणि पोलिसांनी पोरांना उचलून बाहेर काढलं, ते व्हिडिओ मी लोकलमध्ये उभ्या उभ्या बघत होते.

आणि गंमत बघा, 19 तारखेची सुट्टी मात्र आदल्या संध्याकाळीच जाहीर झाली. म्हणजे जमतं की! हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी येतोच, रेड म्हणजे 24 तासांत 204 मिलिमीटरच्या वर पडू शकतो हे कोष्टक ठरलेलं आहे, मग रात्री नऊपर्यंत काय तो एक निर्णय घ्यायला काय हरकत आहे? लोक म्हणतील अंदाज चुकतो, सुट्टी दिली आणि कडक ऊन पडलं तर? पडू दे. पोरं खाली क्रिकेट खेळतील. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला फक्त 73, एकाच शहरात, तेव्हा अंदाज थोडा इकडेतिकडे होणारच, त्यासाठी कोणी आयुक्तांना फाशी देणार नाही.

2005 वरून आठवलं. मी तेव्हा भांडुपला नववीत होते, दुपारची शाळा. हेडबाईंनी गेटला कुलूप लावलं आणि सांगितलं, घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय एकही मुलगी बाहेर जाणार नाही. आम्ही रात्री बाकं जोडून झोपलो, शिपाईमावशींनी चहा आणि बिस्किटं दिली, लाइट नव्हते, सगळ्यांनी भुताच्या गोष्टी सांगितल्या. आईला फोन लागला नाही, पण ती म्हणायची, शाळेतच असेल म्हणून मी निर्धास्त होते. आताच्या शाळांना मात्र पाणी चढायला लागलं की आधी पोरं बाहेर काढायची घाई, एकदा गेटबाहेर गेली की जबाबदारी संपली.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिकडे बर्फ पडणार असेल तर आदल्या रात्री नाहीतर पहाटे पाच-साडेपाचला शाळेचा फोन येतो. कधी पूर्ण बंद, कधी शाळा दोन तास उशिरा भरते, आणि वर्षाचे 180 दिवस भरायचे म्हणून गेलेले दिवस पुढे सुट्टीतून कापून घेतात. ती कुरकुर करते, वसंतातली सुट्टी गेली म्हणून. मी म्हटलं बाई, कुरकुर करायला तुला पहाटे पाचला वेळ तरी मिळतो. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) पाचवीपर्यंत 200 आणि सहावी ते आठवी 220 दिवस लिहिलेत, पण पावसात गेलेल्या दिवसांचा हिशोब मला आजवर कुणी दिलेला नाही. त्याऐवजी सकाळी साडेनवाला ग्रुपवर वर्कशीट येतं, प्रिंट काढून सोडवा. कुठून काढू प्रिंट, झेरॉक्सवाल्याच्या दुकानात पाणी शिरलंय.

अजून एक. आम्ही मुलुंड चेकनाक्याजवळ, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या हद्दीवर राहतो, धाकटा मुलुंडला, मोठी ठाण्याला शाळेत. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण नाक्याच्या अलीकडे मुंबई महापालिकेचे आयुक्त आणि पलीकडे ठाण्याचे अधिकारी, त्यामुळे एकाला सुट्टी, दुसरीला नाही, आणि घरात सकाळी सातला रडारड. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांना एक फोन करावा, एवढीच विनंती.

आणि तुम्हालाही एक सांगायचंय, राग मानू नका. अलर्टचा रंगीत नकाशा तुम्ही छापता तो आठव्या पानावर, कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली. पहिल्या पानावर दोन ओळी छापा ना, आज कुठे शाळा बंद, कुठे चालू. पेपर छापायला जायच्या आत अधिकाऱ्यांनी निर्णय घेतला तर, अर्थात.

आपली,
एक वाचक, मुलुंड