वरच्या फूटभर थराची ओळख करून दिल्याबद्दल

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त झालात, पण रिअ‍ॅक्टरचं झाकण उघडायची वेळ आली की पहिला प्रश्न अजूनही तुमचाच असतो: "उपसायच्या आधी नमुने घेतलेत का?" त्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. पॅक्ड बेड (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या कॅटॅलिस्टच्या गोळ्यांचा भरलेला थर) चालवणाऱ्या इतरांनाही तो उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

बेड म्हणजे चाळणी, हा समज तुम्ही सगळ्यात आधी मोडलात. तीन गोळे एकमेकांना टेकले की मधल्या फटीतून गोळ्याच्या व्यासाच्या 0.155 पट आकाराचा कण जाऊ शकतो. 3 मिमीच्या गोळ्यांमध्ये ही फट साधारण 460 मायक्रॉनची होते. फीडमधला (आत येणाऱ्या कच्च्या मालातला) 10-20 मायक्रॉनचा गंज तिथून सहज निघून जायला हवा, पण जात नाही. तो गोळ्यांच्या पाठीवर बसतो, दोन गोळे टेकतात त्या बेचक्यात साठतो, आणि बरेच कण एकाच वेळी फटीशी आले की कमान धरून अडकतात. म्हणून 25 मायक्रॉनचा फिल्टर लागतोच, पण तेवढ्यावर बेड सुरक्षित होत नाही. त्यातून निसटलेली भुकटी महिनोन्महिने येतच राहते.

बेडमधून वाहताना दाब किती घटतो ते सांगणारं अर्गनचं 1952चं समीकरण आम्हाला पाठ होतं. त्यातला पोकळीचा (बेडमधल्या रिकाम्या जागेच्या वाट्याचा) घन काय करतो, ते तुम्ही आकडे मांडून दाखवलंत. 10 मीटरचा बेड, पोकळी 0.40. फक्त वरच्या 300 मिमीमध्ये भुकटी भरून पोकळी 0.20 झाली, तर त्या थराचा प्रेशर ड्रॉप (दाबातली घट) 11 ते 14 पट होतो, पण अख्ख्या बेडचा जेमतेम 30-40 टक्क्यांनी वाढतो. कंट्रोल रूममध्ये कुणाला फारशी काळजी वाटत नाही. त्याच थरात पोकळी 0.12वर आली की एकूण आकडा साधारण 2.6 ते 3.4 पट होतो. भुकटीच्या बारीक कणांचं जास्तीचं घर्षण तर यात धरलेलंच नाही. बेडचा 97 टक्के भाग स्वच्छ असतो आणि तरी प्लांट बंद करावा लागतो.

प्रेशर ड्रॉप कच्चा वाचू नका, हेही तुमचंच सांगणं. बेड नवा असताना, गॅस आणि द्रवाचं आपसातलं प्रमाण तेच ठेवून, तीन-चार वेगवेगळ्या प्रवाहांवर रीडिंग घ्यायचं आणि लॉग कागदावर रेषा ओढायची. तिचा उतार 1 आणि 2च्या मध्ये कुठेतरी येतो. पुढे रोजचं रीडिंग त्या उताराइतक्या घाताने डिझाइन प्रवाहावर आणायचं, म्हणजे लोड कमी केल्यामुळे दिसणारी "सुधारणा" फसवत नाही. स्टार्ट-अपनंतर लगेचच आकडा चढला असेल तर लोडिंगची धूळ, खालचे सपोर्ट बॉल (बेड पेलणारे गोळे) किंवा आउटलेटची जाळी तपासायची. बराच काळ सपाट राहून मग अचानक उभा चढला तर संशय फीडमधल्या घाणीवर. आमच्या मते सगळ्यात वाईट तिसरा प्रकार: प्रेशर ड्रॉप ठीक, पण एकाच उंचीवरच्या थर्मोकपलांच्या तापमानांमध्ये फरक वाढतोय आणि रूपांतरण (फीडचं उत्पादनात बदलणं) घसरतंय. तिथे प्रवाहाने वाट शोधलेली असते. हे चॅनेलिंग प्रेशर गेजवर दिसतच नाही.

प्रवाह वाढवून घाण "धुऊन काढण्याचा" मोह किती महाग पडतो, हे तुम्ही ठासून सांगितलंत. खाली वाहणाऱ्या बेडमध्ये तो जोर वर जमलेल्या भुकटीच्या खपलीला आणखी दाबतो, आणि खपली तडकलीच तर भुकटी आत खोलवर जाऊन बसते. मग वरचा थर काढूनही भागत नाही.

आता नमुन्यांबद्दल. आयर्न सल्फाइड हवेत आपोआप पेटतं, म्हणून सगळं काम नायट्रोजनखाली, आत जाणारा माणूस श्वसनयंत्रासह आणि प्रशिक्षित. मध्यभाग आणि चार दिशा अशा पाच जागा, दर 100 मिमी खोलीला एक नमुना, 600 मिमीपर्यंत. डबा नायट्रोजन भरून बंद, त्यावर खोली आणि दिशा. चाळून भुकटीचं वजन घ्यायचं, मग लोह आणि जळून जाणारा भाग तपासायचा. लोह जास्त असेल तर मूळ आधीच्या पाइप आणि टाक्यांच्या गंजात आहे. काळा चिकट पदार्थ असेल तर फीड टाकीत हवा शिरते का ते पाहायचं. भुकटीची घडण कॅटॅलिस्टसारखीच असेल तर दोष लोडिंगचा: सॉकचं (कॅटॅलिस्ट आत सोडायच्या कापडी नळीचं) तोंड पृष्ठभागापासून फार वर राहिलं, किंवा कुणी फळीशिवाय बेडवर चाललं. व्हॅक्यूमने आधीच सगळं उपसलं की ही तिन्ही कारणं एकाच ढिगात मिसळतात, आणि नवा कॅटॅलिस्ट जुन्याच दोषावर चढतो.

वरच्या ग्रेडिंगमध्ये (कॅटॅलिस्टच्या वर रचलेल्या थरांमध्ये) मोठ्या, भरपूर पोकळीच्या आकारांपासून कॅटॅलिस्टपर्यंत पायरीपायरीने उतरायचं, हा आग्रहही तुमचाच. एकदम उडी घेतली की सगळी घाण त्या सीमेवरच पातळ थरात बसते. पायऱ्या असतील तर ती खोलीभर पसरते आणि तेवढीच घाण पचवून बेड जास्त दिवस चालतो.

पुढच्या शटडाउनचा नमुन्यांचा तक्ता तुम्हाला पाठवतो आहोत. त्यावर तुमच्या पेन्सिलच्या खुणा हव्यात.

आपले,
प्रोसेस आणि ऑपरेशनमधले सर्वजण