वसूस पत्र : आल्प्समध्ये कुठे उतरायचे

सोलापूर, रविवार

प्रिय वसू,

मुक्ताने परवा म्युनिकहून कळवले की या हिवाळ्यात तू, भाऊजी आणि आम्ही दोघे अशा चौघांनी आठवडाभर आल्प्समध्ये स्कीइंगला यायचे आणि ठिकाण आईने निवडायचे. ते ऐकताच यांनी जेवता जेवता जाहीर केले, "मग सांक्ट आंटोनच! जायचे तर त्या पंढरीलाच जायचे." त्या क्षणी मला तुझी किती आठवण झाली म्हणून सांगू! गुलमर्गला आफरवातच्या वरच्या टप्प्यावरून हे गृहस्थ अर्धा डोंगर बसून उतरले हे केवळ आपल्या दोघींना ठाऊक आहे, आणि सासूबाईंसमोर मला ते उच्चारता येत नाही.

आम्ही सर्व ठीक आहोत, माझी साखरही आटोक्यात आहे.

ऑस्ट्रियातल्या या सांक्ट आंटोनची कीर्ती खोटी नाही. गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हानेस श्नायडरने स्कीइंग शिकवण्याची जी पद्धत बसवली ती याच आर्लबर्ग परिसरात. परंतु युरोपात निळा उतार सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड असे म्हणत असले, तरी तो रंग प्रत्येक गाव आपापल्या डोंगराच्या मानाने देते. त्यामुळे सांक्ट आंटोनचा लाल उतार दुसरीकडच्या लालपेक्षा चांगलाच तिखट असतो आणि दुपारपर्यंत त्यावर बर्फाचे उंचवटे तयार होतात. सपाट केलेल्या बर्फावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळणे आपल्याला जमतात. उंचवट्यांवर मात्र आपले काय होते ते तू पाहिले आहेसच. (पाहिलेस, आणि हसलीसही. त्यावरून मी श्रीनगरपर्यंत अबोला धरला होता, तो योग्यच होता असे माझे आजही मत आहे.)

फ्रान्समधले व्हाल तोरांस २३०० मीटरवर असल्याने तिथे बर्फाची चिंता नाही आणि शेजारच्या मेरिबेल व कूरशव्हेलशी जोडून सुमारे ६०० किलोमीटरचे उतार होतात. पण ६०० किलोमीटर आपल्याला करायचे काय आहेत? शिवाय इतक्या उंचीवर झाडे नाहीत. ढग उतरले की आकाश आणि जमीन एकच पांढरी होते, आणि पुढे चढ आहे की खड्डा हे पाय टेकल्यावरच कळते. जिथवर झाडे उगवतात त्या उंचीच्या खाली निदान त्यांच्यामुळे उताराच्या कडा दिसतात. याउलट ऑस्ट्रियातलेच किट्सब्यूल सुंदर खरे, पण ते गाव जेमतेम ७६० मीटरवर. हिवाळा उबदार गेला तर खालच्या उतारांचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून माझे मन इटलीतल्या डोलोमाइट्सवर, त्यातही आल्ता बादियातल्या कोर्वारा गावावर बसले आहे. गाव दीड हजार मीटरच्या थोडे वर, उतार रुंद आणि बहुतेक निळे-लाल, आणि आकाशाने हात आखडला तरी यंत्रांनी बर्फ पाडण्याची सोय भरपूर. तिथून सेला पर्वताभोवतीची सेला रोंडा करता येते : चार खिंडी ओलांडत, लिफ्टने चढत आणि स्कीने उतरत एका दिवसात पुरी होणारी साधारण ४० किलोमीटरची प्रदक्षिणा. घड्याळाच्या दिशेने नारिंगी खुणा, उलट दिशेने हिरव्या; हिरवी वाट आपल्यासारख्यांना सोपी समजतात. वाटेतल्या अराब्बा गावाच्या बाजूचे उतार उभे आहेत, तेवढे सांभाळायचे. सकाळी लवकर निघून शेवटची खिंड लिफ्ट बंद होण्याआधी गाठायची, नाहीतर घाटरस्त्याने टॅक्सी करून परतावे लागेल आणि ते बिल पाहून यांचा रक्तदाब खिंडीहूनही वर जाईल.

मला खरी काळजी वाटते ती वेळेची. संक्रांतीच्या सुमारास इथल्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला हे गावात नसणे सासूबाईंना चालणार नाही. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या लागून लिफ्टपाशी रांगा आणि भाडी दोन्ही वाढतात. मार्चमध्ये ऊन सुखाचे, पण दुपारनंतर बर्फ मऊ आणि जड होऊन गुडघे पिरगळतात, आणि भाऊजींच्या गुडघ्याचे तुला मी काय सांगावे! उरतो जानेवारीचा शेवटचा आठवडा. तेव्हा थंडी कडाक्याची आणि दिवस लहान, पण उतार मोकळे मिळतात.

एक अट मात्र आधीच सांगून ठेवते. भाड्याच्या बुटांत दोन जोड मोजे घालण्याचा तुझा हट्ट या वेळी चालणार नाही. एकच पातळ, लांब मोजा घालायचा. दोन घातले की पाय आत सरकतो आणि रक्त अडून बोटे गारठतात. मी हे तेव्हाही सांगितले होते.

चिन्मयचे लग्न ठरले हे वाचून फार आनंद झाला. मुलीचा फोटो पाठव. स्वयंपाकघराचे काम संपले का?

आता भाऊजींकडे एक काम आहे. त्यांनी यांना सहज म्हणून फोन करावा आणि शेजारच्या व्हाल गार्देनात विश्वचषक शर्यतीचा साझलोंग उतार आहे, असे बोलता बोलता सांगावे. तेवढ्याने यांचा मान राहील, आणि उतार लांबून पाहता येईल. आफरवातचे नाव मात्र अजिबात काढू नये. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर लगेच अर्ज करा, कारण मुक्ताला खोल्या याच महिन्यात ठरवायच्या आहेत. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढच्या आठवड्यात कुरिअरने पाठवते.

तुझी,
सुनंदा