तीन टिंबं आणि टीएमटीचं तिकीट

आदरणीय काकू,
सा. न.

इंग्रजीत गाळलेल्या शब्दांच्या किंवा अर्धवट बोलण्याच्या जागी टिंबं कशी द्यायची, हे स्टेशनजवळच्या एका क्लासने सहा महिन्यांची फी घेऊन शिकवलं: थांबावंसं वाटलं की द्या, दोन द्या, पाच द्या, भावना पोचली पाहिजे. भावना पोचत होतीच. ईमेलमध्ये 'ओके...' लिहिलं की समोरचा समजायचा, बाई रागावल्या.

ठाण्यात, नौपाड्यातल्या तुमच्या ओसरीवर पाऊण तासात सगळं लख्ख झालं. टिंबं मोजून तीन. पूर्ण वाक्यानंतरचा मजकूर गाळला असेल तर आधी त्या वाक्याचा पूर्णविराम, मग तीन, म्हणून चार दिसतात. अवतरणाच्या सुरुवातीला सहसा नकोतच. कुठलंही अवतरण मधूनच उचललेलं असतं. बोलणं विरत गेलं तर टिंबं, कोणी मध्येच तोडलं तर डॅश. शिकागो पद्धतीत, म्हणजे पुस्तकांसाठी वापरतात त्या अमेरिकन लेखननियमांत, टिंबांच्या मध्येही जागा सोडतात. एपीत, म्हणजे असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेच्या नियमांत, तिन्ही चिकटून, आजूबाजूला एकेक जागा. सुट्या टिंबांची खोड अशी, की ओळ संपली की एखादं खाली घसरतं. वर्डमध्ये मधली जागा कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने दिली की तिन्ही एकत्र राहतात. शिवाय वर्ड टाइप केलेल्या तीन टिंबांचं आपोआप एकच अक्षर करतं, बाहेरून चिकटवलेला मजकूर मात्र तसाच राहतो. आमच्या अर्ध्या फाइलीत टिंबं दाट आणि अर्ध्यात विरळ का, ते तेव्हा कळलं.

पण हे नियम पुस्तकातही सापडले असते. तिकीट सापडलं नसतं.

आमच्या अहवालात आम्ही एक वाक्य उद्धृत केलं होतं. मूळ वाक्य होतं, 'द वॉटर इज सेफ टू ड्रिंक आफ्टर बॉइलिंग.' आम्ही शेवटचे दोन शब्द गाळून इमानदारीत टिंबं दिली होती. तुम्ही पर्समधून टीएमटीचं, म्हणजे ठाण्याच्या बसचं, तिकीट काढलंत, मूळ वाक्यातल्या त्या दोन शब्दांवर ठेवलंत आणि म्हणालात, "वाचा." वाचलं. तिकीट उचललंत. "आता वाचा." बस्स. लाल शाई नाही, 'एवढंही येत नाही?' नाही. समासात पेन्सिलीची एक बारीक रेघ.

दुसऱ्याची चूक त्याची त्यालाच दिसू द्यायची आणि तोवर गप्प बसायचं, एवढा धीर असलेली माणसं फार थोडी भेटतात. बहुतेकांना आधी आपली हुशारी दाखवायची घाई.

उरलेली बावीस पानं घेऊन शनिवारी येतो आहोत. टिंबं मोजली आहेत. गाळलेले शब्दही सोबत आणतो, तिकीट तेवढं तुमचं.

तुमच्या,
अहवालवाल्या तिघी