मिसावाल्या बायांना सलाम अन् आम्हाला मेस्मा? मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
स.न.वि.वि.

मी नागपुरातली एक अंगणवाडी सेविका. नाव लिहित नाही, नाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो, आणि तुम्हाला तरी माझ्या नावाचं काय करायचं आहे. २५ जूनच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावलं होतं, म्हणजे बोलावलं कसलं, ग्रुपवर मेसेज आला की उपस्थिती अनिवार्य, म्हणून आम्ही पोरांना खाऊ वाटून, पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी भरून, दोन ऑटो करून पोचलो आणि मागच्या रांगेत बसलो. तुम्ही १९७५ च्या आणीबाणीवर बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. त्यात मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणालताई गोरेंचं नाव घेतलं. लोकशाहीसाठी तुरुंगात गेलेल्या रणरागिणी म्हणाले, टाळ्या झाल्या, अन् पुढचं नाव आलं.

साहेब, माझं त्या एका वाक्याशी भांडण आहे.

माझं माहेर अकोल्याचं. जेलच्या भिंतीजवळून शाळेत जायचो आम्ही, आत चोर राहतात एवढंच माहीत. त्याच जेलात मृणालताईंना एकटीला कोठडीत डांबलं होतं हे मला वयाच्या चाळिशीत कळलं, तेही युनियनच्या एका शिबिरात. काही महिने त्या भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या, आणि मुंबईची बाई थेट अकोल्याला आणून टाकली. शेजारच्या कोठडीत डोक्यावर परिणाम झालेली बाई, रात्रंदिवस ओरडायची. वकील नाही, खटला नाही, कारण मिसा. मिसा म्हणजे खटल्याविना डांबायचा तेव्हाचा कायदा, तुम्ही काय केलं हे सांगायची गरज नाही, उद्या काही कराल असं सरकारला वाटलं तरी पुरे. आणि गंमत पहा, ज्या अकोल्यात त्या होत्या तिथून १९७७ ला, देशात इंदिराबाईंची लाट उलटली असताना, काँग्रेसचे वसंत साठेच निवडून आले, आपल्या नागपुरातूनही काँग्रेसच. आपण विदर्भातल्या लोकांनी तेव्हा काही फार मोठी क्रांती केली नाही, हे पण भाषणात सांगत जा कधी.

पण तुम्ही जे सांगितलंच नाही ते वेगळं आहे. मृणालताईंना जेलात काहून टाकलं? लोकशाही लोकशाही असं स्टेजवरून म्हटल्याने नाही टाकलं. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून ही पोरगी राष्ट्र सेवा दलात आली, लग्नानंतर दहा वर्षांत, १९५८ ला नवरा गेला, पदरात लहान मुलगी, आणि तरी १९६१ ला नगरसेविका होऊन गोरेगावच्या झोपडपट्टीत नळ आणायला लागली. तिथूनच ते पाणीवाली बाई नाव पडलं. १९७२ ला आमदार झाल्या अन् त्याच वर्षी अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते अशा सगळ्यांना घेऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली, पक्ष वेगवेगळे पण तेल-रॉकेल सगळ्यांचंच महाग होतं ना. बायांनी थाळ्या वाजवल्या, लाटणी घेऊन मोर्चे काढले, मंत्र्यांना घेराव घातले. मंत्र्यांना, साहेब. म्हणजे तुम्ही टाळ्या ज्या बाईसाठी वाजवल्या ती आज असती तर तुमच्या गाडीसमोर लाटणं घेऊन उभी राहिली असती, आणि तुमच्या माणसांनी तिला ढकलत बॅरिकेडच्या पलीकडे नेलं असतं.

स्नेहलता रेड्डींचं तर नावही निघालं नाही. बंगळुरूची नटी, दम्याची पेशंट, मे १९७६ ला पकडली, जेलात दम्याचे झटके येत राहिले, जानेवारी १९७७ ला पॅरोलवर सोडली आणि पाच दिवसांत, २० जानेवारीला गेली. दम्यात श्वास कसा अडकतो हे मी माझ्या सासूचं पाहिलं आहे, म्हणून ते वाचताना मला मध्येच मोबाईल ठेवून द्यावा लागला.

आता २०१८ ची गोष्ट. त्या वर्षी सरकारने मिसाबंद्यांना महिन्याला १०,००० रुपये मानधन सुरू केलं. नंतर २०१९ ला सरकार बदललं, २०२० ला ते बंद झालं, २०२२ ला पुन्हा बदललं, पुन्हा सुरू झालं. मिळू द्या, म्हाताऱ्या माणसांनी भोगलं आहे, मला त्याचं काही वाईट वाटत नाही. पण त्याच २०१८ च्या मार्चमध्ये सरकारने आम्हा अंगणवाडीवाल्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा कायदा, लावला होता, आठवतं का? संप केला की विनावॉरंट अटक. विधानसभेत गोंधळ झाला, तुमच्या मित्रपक्षाचे लोकही ओरडले, मग स्थगिती आली. एकाच वर्षात मिसावाल्यांना मानधन आणि आम्हाला मेस्मा. आणि शब्द पण तोच, मानधन! आम्हालाही पगार नाही, मानधनच मिळतं, तेव्हा ते साडेसहा हजार होतं. आमची अंगणवाडी योजना सुरू झाली ती पण २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे ऐन आणीबाणीत, तर आम्ही पण एका परीने आणीबाणीच्याच लेकी, घ्या आता.

साहेब, ४ डिसेंबर २०२३ ला आम्ही संपावर गेलो, ५२ दिवस चालला. अधिवेशनावर मोर्चा आणला तेव्हा मी आली होती. यवतमाळ, गडचिरोलीच्या बाया रात्रीच्या गाडीने आल्या होत्या, भाकरी फडक्यात बांधून. आम्हाला अडवलं तिथे बसून राहिलो दिवसभर. हजारो बाया अन् फिरते संडास मोजून चार, त्यातल्या दोनात पाणी नाही. माझ्या शेजारची गोंदियाची बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नव्हती, काहून तर जायचं कुठे. पाणीवाल्या बाईची शपथ घेता आणि तिच्या लेकींना तहानलेलं ठेवता. संध्याकाळी कोणीतरी अधिकारी आला, निवेदन घेतलं, फोटो काढला. पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या कितीतरी जणींच्या हातात कामावरून काढायच्या नोटिसा.

नागपूरकरांना वेगळं सांगायला नको की मंत्री मोर्च्यापर्यंत आला नाही की काय होऊ शकतं. २३ नोव्हेंबर १९९४, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट. आदिवासींच्या सवलती मागायला मोर्चा घेऊन आलेले गोवारी समाजाचे लोक दिवसभर वाट पाहत होते की कोणीतरी येईल, आपलं ऐकेल. ११४ जीव गेले चेंगराचेंगरीत, बहुतेक बाया आणि लेकरं. आता त्यांच्या नावाने उड्डाणपूल आहे, तुमच्या गाड्या अधिवेशनात त्यावरूनच जातात. पुलाला नाव देणं सोपं आहे बाप्पा, अर्धा किलोमीटर पायी येणं कठीण.

१९७७ ला मृणालताई खासदार झाल्या, लोक म्हणायचे पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई, म्हणजे इंदिराबाई, पाण्यात. तेव्हा त्यांना आरोग्यमंत्रिपद देऊ केलं होतं, त्यांनी नको म्हटलं. तुम्हाला मंत्रिपद सोडा असं मी म्हणत नाही, घाबरू नका. पुढच्या २५ जूनला त्यांचं नाव घ्याल तर लाटण्यासकट घ्या, घेराव घातल्याचंही सांगा. मेस्मा पुन्हा आमच्यावर येणार नाही हे कागदावर लिहून द्या, तोंडी नको, तोंडी आश्वासनांची माझ्याकडे वही भरली आहे. आणि मोर्चे जिथे अडवता तिथे बायांसाठी पाणी आणि नीट संडास, अधिवेशन सुरू व्हायच्या आधी.

डिसेंबरात आम्ही येतो आहोत. तुमच्या माणसांना सांगा, निवेदन या वेळी आम्ही अधिकाऱ्याच्या हातात देणार नाही, तुम्ही बॅरिकेडपर्यंत येईपर्यंत बसून राहणार. थंडी असते तेव्हा, मफलर घालून या.

आपली,
नागपूरची एक अंगणवाडी सेविका