चांगली नोकरी का सोडतेय

ती. आई-बाबांना सा. न.

'चांगली चाललेली नोकरी सोडून आता पुन्हा शाळा?' एवढंच म्हणून बाबांनी परवा फोन आईकडे दिला. बाबांशी फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

अहमदाबादच्या आयआयएममध्ये अन्न आणि शेतमाल व्यवसायाचा दोन वर्षांचा वेगळा कोर्स आहे. कॅट या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर तिथलं मुलाखतीचं बोलावणं आलंय. तिथेही बाबांचाच प्रश्न येणार: सॉफ्टवेअरमधून इकडे कशाला?

मोठेबाबांचा काटोलचा संत्र्याचा बगीचा आठवा. आंबिया बहाराचं पीक झाडावर असतानाच विकलं, व्यापारी इसार देऊन गेला. ऑगस्टात फळगळ लागली, झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा पडला, तसा तो फिरकलाच नाही. उरलेला माल मोठेबाबांनी भाताच्या तणसावर रचून नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेला, तर बराचसा चुरीत, म्हणजे हलक्या भावाच्या मालात गेला. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण पेढे वाटायचे. बुडालेला सौदा त्या कागदाने वसूल होत नाही.

इकडे पुण्यात माझं काम काय, तर निर्यातीच्या द्राक्षांच्या कंटेनरचं तापमान स्क्रीनवर बरोबर दिसतंय ना, ते बघायचं. माल कुणाचा घ्यायचा, काय भावाने, खराब झाला तर तोटा कुणाच्या अंगावर, हे ठरवणारे दुसऱ्याच खोलीत बसतात. मला तिथे बसायचंय. शेतकऱ्यांची सेवा वगैरे मी फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही. मला यात धंदा दिसतो. संत्र्याची साल ढिली, मोसंबीसारखा मार सोसत नाही; तोडणीपासून पेटीपर्यंत कुणी जबाबदारी घेतली तर पैसा तिथेच आहे.

फी वीस लाखांच्या वर जाते. अशा संस्थांसाठी बँका तारण न मागता कर्ज देतात आणि कोर्स संपेपर्यंत हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. तुमच्या एफडीला हात लावायचा नाही. आई, नागपूरच्या मिहानमधलं आयआयएम घरापासून जवळ, हे मलाही कळतं. तिथलाही फॉर्म भरलाय, पण हा कोर्स अहमदाबादला आहे. लग्नाचं नंतर बोलू.

बाबा, एक काम करा. मोठेबाबांकडे इसाराच्या आणि कळमन्याच्या चिठ्ठ्या असतील, त्यांचे फोटो पाठवा. मुलाखतीत खरे आकडे हवेत. कशाला म्हणून विचारलं तर सांगून टाका. तसंही आईच्या पोटात राहणार नाही.

तुमची,
छोटी