स्केल टूला नाही म्हटलंय

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

फोनवर प्रमोशनचा विषय निघाला की बाबा, तुमचा आवाज चढतो आणि आई मध्येच 'जेवलीस का' विचारते. म्हणून लिहितेय. स्केल टूला, म्हणजे बँकेतल्या पुढच्या बढतीला, मी नाही म्हटलंय. नोकरी सोडलेली नाही, तेव्हा बीपीची गोळी नेहमीच्याच वेळेला घ्या. बदली झाली असती तर संध्याकाळची चित्रं बंद पडली असती, कारण एवढंच.

'चित्रकार कधी अर्धवेळ असतो का?' असं तुम्ही विचारलंत. सुधीर पटवर्धन होते की! १९४९ साली पुण्यात जन्मले, तिथल्याच एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय कॉलेजात, शिकून डॉक्टर झाले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. चित्रकला स्वतःच शिकले. 'इराणी रेस्टॉरंट', 'ट्रेन', 'लोअर परळ' ही सगळी चित्रं दवाखाना सांभाळतानाची. अर्थात डॉक्टरला स्वतःच्या वेळा थोड्या तरी ठरवता येतात, मला मार्च एंडिंगला घरी यायलाच अकरा वाजतात. त्यामुळे बरोबरी करत नाही.

२०१९ साली मुंबईत काळा घोड्याला एनजीएमएत, म्हणजे सरकारी आधुनिक कला संग्रहालयात, त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. तुम्हाला तेव्हा बोलले नव्हते, पण तिथून पाय निघेना. लोकलमधली, रस्त्यावरची, कामावरून परतणारी माणसं. अंगाने दणकट, चेहऱ्याने दमलेली, पण एकही बिचारं नाही. मला हेच जमत नव्हतं. मी गरीब माणूस काढला की तो लगेच केविलवाणा व्हायचा.

आता काउंटरवर बसून बघते. पेन्शनच्या दिवशी एक आजोबा येतात. अंगठा उमटवला की शाई केसांना पुसतात आणि त्याच हाताने नोटा मोजतात, दोनदा. तो हात मी कितीतरी कागदांवर काढलाय. बोटं जमतात, मोजण्यातला संशय नाही जमत. तो हात बघायला मिळतो म्हणूनसुद्धा मला ही शाखा सोडायची नाही. हे साहेबांना सांगितलं नाही, घरगुती अडचण म्हटलं!

पगार थोडा कमी राहील, पण हप्ता भरून पुरतो. मावशीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

दिवाळीला येतेय. आई, बाबांना दोन तास पेपर न वाचता खुर्चीत बसवायची जबाबदारी तुझी. मला त्यांचं चित्र काढायचंय, आणि ते 'झालं का?' विचारत उठले की माझा कागद वाया जातो.

तुमची,
मनू