मँडोलिनवरची पहिली चाल कोणती असावी?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गिरगावातल्या माझ्या घरी गेली काही वर्षे मी शनिवारी आणि रविवारी मँडोलिन शिकवते. नवा विद्यार्थी आला की ‘तुला काय वाजवावेसे वाटते?’ हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारते, आणि बहुतेकांचे उत्तर एकच असते: ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधली मँडोलिनची सुरावट. १९९५ साली आलेला हा चित्रपट आपल्या मराठा मंदिरात हजाराहून अधिक आठवडे चालला, तेव्हा मुंबईच्या मुलांना तिची ओढ वाटावी हे स्वाभाविकच आहे. परंतु याच सुरावटीपासून सुरुवात करून तीन-चार महिन्यांत वाद्य माळ्यावर ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि त्याबद्दल मनापासून वाईट वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मँडोलिनला चार जोड्यांत मिळून आठ तारा असतात आणि त्या व्हायोलिनप्रमाणे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन (ही पेटीच्या पट्ट्यांवरून पडलेली स्वरांची नावे) अशा मिळवतात. छेडलेल्या तारेचा नाद लवकर विरतो, त्यामुळे लांब स्वर टिकवायचा तर पिक (तार छेडायची चकती) खाली-वर वेगाने फिरवत राहावे लागते. हा ट्रेमोलो एकसारखा यायला कित्येक महिने जातात. जोडतारांवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, हेही अवघड असते. गमकांनी, म्हणजे स्वरांच्या आंदोलनांनी, भरलेले कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या यू. श्रीनिवास यांनी जोडतारा सोडून एकेरी पाच तारांचे विद्युत मँडोलिन हाती घेतले होते. म्हणूनच एखादे संथ भावगीत गळ्याला कितीही सोपे असले, तरी ते मँडोलिनवरची पहिली चाल होऊ शकत नाही.

याच वाद्याची जी बाजू नवशिक्याला अनुकूल आहे, तिकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पांढरी दोनची खुली तार षड्ज (सा) मानली की शेजारची पांढरी सहाची खुली तार आपोआप पंचम (प) होते. षड्जाच्या तारेवर खुली तार आणि दुसरा, चौथा, पाचवा पडदा (दांडीवरची आडवी धातूची पट्टी) वाजवला की सा रे ग म मिळतात, आणि पंचमाच्या तारेवर नेमक्या त्याच जागी प ध नी सां मिळतात. भूप रागात मध्यम (म) आणि निषाद (नी) नसल्यामुळे तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सां पर्यंत, न जाणारी चाल तर दोन बोटांत बसते. भैरवी रागाचे स्वरही पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या पडद्यावर दोन्ही तारांवर सारखेच येतात, म्हणून दुसऱ्या टप्प्यावर मी भैरवीकडे वळते. गायनाच्या वर्गांत भूपानंतर बहुधा यमन राग शिकवतात. मँडोलिनवर मात्र त्यातला तीव्र मध्यम (चढा म) सहाव्या पडद्यावर जातो, दोन तारांतले ते साम्य मोडते आणि करंगळीला ताण पडतो. यमन मागाहून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मोजमापात चपखल बसतात ती आपली भोंडल्याची गाणी. मोजक्या स्वरांत फिरणारी चाल, बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक स्वर, आणि कडवे बदलले तरी तीच सुरावट पुन्हा पुन्हा. मुलगे आधी संकोचतात, पण आजीकडून चाल नीट म्हणवून घेऊन पुढच्या आठवड्यात हौसेने येतात. त्यानंतर आरत्या घ्याव्यात. टाळ-झांजांवर म्हणून म्हणून त्यांची लय अंगात मुरलेली असते आणि स्वर लांबवण्याची गरज फारशी पडत नाही.

चाल निवडताना ती शब्दांवाचून गुणगुणता येते का, हे आधी पाहावे. माझ्या पहिल्या शिक्षकांनी, मी कधी नीट ऐकलेलाही नव्हता असा एक चित्रपटगीतातला वाद्यसंगीताचा तुकडा मला कागदावरून दिला होता. सहा महिने मी पडदे मोजत राहिले. स्वर चुकला तरी तो चुकला हे मला कळत नव्हते, कारण बरोबर काय हेच कानात नव्हते. जोडीतल्या दोन्ही तारा तंतोतंत एकसुरात मिळवणेही तितकेच आवश्यक आहे, नाहीतर चांगली चालही बेसूर वाटते आणि मूल स्वतःच्या बोटांना दोष देते.

मुंबईत हे वाद्य परके नाही. संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवत असत, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर लहानपणापासून मँडोलिन वाजवत होते. आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अशा एका पारंपरिक चालीची स्वरलिपी छापावी, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक स्वराखाली पडद्याचा आकडा आणि खुल्या तारेसाठी शून्य दिल्यास, ज्यांना अजून स्वरलिपी वाचता येत नाही अशा मुलांनाही ती वाजवता येईल.

आपली,
एक मँडोलिनशिक्षिका, गिरगाव, मुंबई